नळदुर्गला नेलेली रिळं

मामंजी,

तुमचा उजवा हात पाट्यावर दाबून धरला होता आणि त्या माणसानं वरवंटा उचलला, तिथपासूनच लिहायला घेणार होते. पण तुम्ही असता तर हात वर करून थांबवलं असतं. बाहेरच्या खोलीत पक्षकार भडाभडा बोलायला लागला की तुम्ही म्हणायचात, "आधी जे झालं ते आधी सांगा, मारामारी कुठं पळून जात नाही." म्हणून आधीचं आधी सांगते.

मी तुमची सून होऊन धाराशिवला आले तेव्हा सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुमचा मुलगा धरणाच्या कामावर ओव्हरसियर, महिन्यातून एखाद्या रविवारी घरी यायचा. त्यामुळं त्या घरात दिवसभर तुम्ही, मी आणि तुमचे पक्षकार. तुम्ही वकिली शिकलात निजामाच्या राज्यात, उर्दूतून. विलीनीकरण झालं, कोर्टाची भाषा बदलली, आणि पिकल्या केसांनी तुम्ही सगळा कायदा पुन्हा मराठीत घोकलात, तरी तारखेला मरेपर्यंत पेशीच म्हणालात. तुमच्याकडं यायची ती कुळं. कायद्यानं कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली होती, पण कागदावर झालेली जमीन वावरात उतरेना. बैल सोडून नेले जायचे, उभ्या पिकात जनावरं घातली जायची, आणि कुणी तोंड उघडलंच तर त्याला झाडाला बांधून चाबकानं फोडायचे. पहिल्या वर्षीच मी एका म्हाताऱ्याची पाठ धुतली होती. त्याचा सदरा कातडीला चिकटला होता, कोमट पाणी घालून घालून मी तो सोडवला. पेशीच्या दिवशी तोच म्हातारा मुन्सफांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी गाडीतून पडलो. तुम्ही त्या संध्याकाळी जेवला नाहीत.

त्यानंतर तुम्ही सोलापूरहून ते यंत्र आणलंत. मला आठवतं, टांग्यातून ते तुम्ही मांडीवर घेऊन आला होतात. टेपरेकॉर्डर मी तोवर पाहिलेला नव्हता. तुम्ही झाकण उघडलंत, दोन रिळं बसवलीत, आणि मला म्हणालात, "सूनबाई, काहीतरी बोल." मी म्हणाले, "काय बोलू?" आणि त्या पेटीतून माझाच आवाज परत आला, काय बोलू. मी घाबरून पदर तोंडाला लावला. तुम्हाला हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, त्या दिवशी पाहिलं. तुमचं म्हणणं साधं होतं. साक्षीदार जखम ओली असताना खरं बोलतो, मग त्याला गाठतात, मारतात, आणि तो फुटतो. म्हणून तो फुटायच्या आधीच त्याचं बोलणं त्याच्याच आवाजात धरून ठेवायचं. कोर्टात रीळ चालेल की नाही, याची तुम्हालाही खात्री नव्हती. पण फुटायला निघालेल्या माणसाला त्याचा स्वतःचा आवाज ऐकवता येईल, असं तुम्ही म्हणायचात.

त्या रिळांचं सगळं तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मॅट्रिक झालेल्या सुनेला पोळपाटाशिवाय दुसरं काम देणारा सासरा तेव्हा आमच्या आळीत नव्हता. मुख्य म्हणजे तुम्ही एक रीळ कधी एकटं ठेवलं नाहीत. बाजारात लाउडस्पीकरचं दुकान होतं, लग्नाकार्यात गाणी वाजवायला त्या दुकानदाराकडंही एक यंत्र होतं. ते मागून आणायचं, आपल्या यंत्रासमोर ठेवायचं, खिडकीत चादर कोंबायची, आणि एकावर वाजवून दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं. नकलेत माझ्या बांगड्या वाजायच्या, चिमण्या ओरडायच्या. बांगड्या काढून ठेवू का विचारलं तर तुम्ही म्हणालात, "वाजू दे. खऱ्या घरात वाजतातच." मूळ रीळ आपल्या घरी, नक्कल नळदुर्गला माझ्या माहेरी. वकिलाच्या घरातलं सामान दुसऱ्या वकिलाकडं गेलं तर लोकांच्या नजरेत येतं, सून माहेरी गेली तर कोण बघतं? चकलीच्या डब्यात तळाशी रीळ, वर कागद, कागदावर चकल्या. एसटीचा कंडक्टर म्हणायचा, "वैनी, आईची लई आठवन येती जनू." नवी नक्कल ठेवायची, आधीची परत आणायची, आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, उलटी गुंडाळायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा न्यायची. हे परत आणून ऐकणं मला फुकटचं काम वाटायचं. एकदा मी न ऐकताच ठेवून दिली, तर तुम्हाला ते कसं कोण जाणे कळलं. "ऐकल्याशिवाय ती आहे म्हणू नको," एवढंच बोललात, पण दोन दिवस माझ्या हातचा चहा नको म्हणालात. मग मी ऐकायला लागले. भाजी निवडता निवडता मी माणसांचं मार खाणं ऐकत असे. कुणाचा दात पडला, कुणाच्या सुनेला केसांनी धरून वेशीपर्यंत ओढत नेलं. ऐकून झालं की हात धुवायचे आणि भाकरी थापायची.

ती बाई आली ती सुगी संपता संपता. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथं तिची नातवंडं आहेत. तिच्या नवऱ्याच्या नावावर जमीन झाली होती, ज्याची होती त्याला सगळं गाव मालक म्हणायचं, म्हणून मीही मालकच म्हणते. बरोबर तिचा धाकटा दीर होता, कोवळ्या मिशांचा. तिनं यंत्राकडं पाहिलंसुद्धा नाही. तुम्ही खूण केली, मी बटण दाबलं, आणि ती बोलायला लागली. ते बोलणं मला अजून तोंडपाठ आहे.

"खळ्यावर रास पडली व्हती. म्या भाकरी घिऊन गेले. त्येनी राशीच्या पाया पडत व्हते, वाकून. मागनं दोघं आले. पैला घाव मानंवर बसला न्हाय, खांद्यावर बसला. त्येनी वळून माझ्याकडं बघितलं. मंग दुसरा बसला. मालक बांधावर हुभा व्हता, त्यो म्हनला, पुरं करा. मंग कितीक घातले म्या मोजले न्हाईत. पांढरी ज्वारी समदी लाल झाली. म्या वरडले न्हाय. वरडले असते तर मलाबी तोडलं असतं, मंग सांगाया कोन ऱ्हायलं असतं?"

दीर कडब्याच्या गंजीमागं होता. त्यानंही सगळं सांगितलं. सांगताना त्याचे दात वाजत होते, तेही रिळावर आलंय. मी नक्कल उतरवली आणि लगेचच नळदुर्गला ठेवून आले.

पेशी जवळ आली तेव्हा दीर सापडला, पडक्या विहिरीत. हात मागं कासऱ्यानं बांधलेले. बाई सांगायला आली तेव्हा रडत नव्हती. आदल्या दिवशी त्याला वाटेत धरून मारायला लागले, तेव्हा जीव वाचेल म्हणून तो ओरडला होता की मला मारून काय उपेग, माझा आवाज वकिलाच्या पेटीत हाय. वावरातल्या एका बाईनं ते ऐकलं होतं. तुम्ही भिंतीला टेकून बसलात. म्हणालात, "हे मी करून ठेवलं." बाई म्हणाली, "तुमी न्हाय. त्येनी तसंबी मारलंच असतं."

ते आले भर दुपारी, तिघं. मी चुलीवर आमटी ठेवली होती, तुम्ही नुकतेच कोर्टातून येऊन पाय धूत होतात. दार त्यांनी लाथेनं उघडलं नाही, कडी वाजवून आले, पायताणं बाहेर काढून आले. बाहेरच्या खोलीतलं यंत्र त्यांनी उचलून फरशीवर आपटलं आणि कपाटातली सगळी रिळं अंगणात नेऊन त्यावर रॉकेल ओतलं. रीळ जळताना कसा वास येतो हे मला तेव्हा कळलं. तुम्ही मध्ये गेलात तर त्यांनी तुम्हाला धोतराला धरून स्वयंपाकघरात फरफटत आणलं. माझ्यासमोर करायचं होतं त्यांना. एकानं तुमच्या छातीवर गुडघा ठेवला, दुसऱ्यानं तुमचा उजवा हात पाट्यावर दाबला, आणि तिसऱ्यानं, जो वयानं मोठा होता आणि फार मऊ बोलत होता, वरवंटा हातात घेतला.

"दुसरी टेप कुठंय वकीलसाहेब? बाजारातलं दुसरं यंत्र उगाच नेत नव्हता तुम्ही."

"दुसरी नाही."

वरवंटा आला. करंगळी. हाड मोडल्याचा आवाज नारळ फुटल्यासारखा असेल असं वाटायचं, तसा नसतो. ओली काटकी मोडते तसा असतो.

"कुठंय?"

"नाही म्हणून सांगितलं."

पुन्हा. तुम्ही ओरडला नाहीत, तुमच्या घशातून बैलासारखा आवाज आला. तिसऱ्या बोटावर मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, मला आजही ठाऊक नाही. कदाचित नळदुर्ग म्हणाले असते, कदाचित नुसती किंचाळले असते. तुम्ही मान वळवून माझ्याकडं पाहिलंत आणि रोजच्या आवाजात म्हणालात, "सूनबाई, आमटी उतू चाललीय. तिकडं बघ."

मी बघितलं. पातेलं काठापर्यंत उकळत होतं. मी ते पदरानं उचललं आणि वरवंटेवाल्याच्या तोंडावर पालथं केलं.

ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. त्यानं दोन्ही हातांनी तोंड धरलं आणि डाळ त्याच्या बोटांमधून गळत होती. डाळीबरोबर चामडीही येत होती. तो चुलीवर पडला, तिथंही भाजला. बाकीच्या दोघांनी मला धरलं. माझं डोकं उंबऱ्यावर आपटलं, माझे समोरचे दोन दात तिथंच गेले, गळ्याखालचं हाड मोडलं. पण त्याचं ओरडणं एवढं होतं की सगळी आळी गोळा झाली. शेजारचा लोहार घण घेऊन आत आला आणि त्यानं एकाचा गुडघा फोडला. दुसरा भिंतीवरून पळाला.

माझं हाड बांधून झालं, तशी मी नळदुर्गला निघाले. तुम्ही नको म्हणत होतात, तुमचा हात फळीला बांधलेला. मी म्हणाले, एवढ्या माराला तर कुठलीही सून माहेरीच जाईल, कुणाला शंका येणार नाही. गाडीत शेजारची बाई माझ्या सुजलेल्या तोंडाकडं बघून म्हणाली, "नवऱ्यानं व्हय?" मी मान हलवली. बिचाऱ्या तुमच्या मुलावर तेवढा आळ आला.

माहेरी दारातच ज्वारी सांडलेली. माझ्या भावाच्या डोक्याला फडकं बांधलेलं, त्यातून रक्त झिरपत होतं. एसटी थांब्यावरच्या हॉटेलात वकिलाच्या सुनेचं माहेर विचारून दोघं माझ्या आधीच येऊन गेले होते. कणग्या फोडल्या, अंथरुणं फाडली, भाऊ आडवा आला तर त्याच्या टाळक्यात कुदळीचा दांडा घातला. आई परसात गोवऱ्या थापत होती, तशीच शेणाच्या हातानं आली.

"गेलं का गं?" मी विचारलं.

"कशाला जातंय? शेणाच्या ढिगात हाय. म्या त्यावरच बसले व्हते. शेणात हात घालायची त्यांची तयारी न्हवती."

भाऊ मात्र चिडला होता. म्हणाला, "ताई, पुन्हा असलं काही माझ्या घरात आणू नको. माझी पोरं लहान आहेत." त्याचं खरं होतं. पुढं कित्येक वर्षं तो माझ्याशी धड बोलला नाही.

डबा घट्ट होता, पण झाकणाच्या कडेनं ओल आत गेलीच होती. धाराशिवला आल्यावर तुम्ही डाव्या हातानं रीळ उचललंत, नाकाशी नेलंत आणि धोतराला पुसलंत. लाउडस्पीकरवाल्यानं त्याचं यंत्र आणून दिलं, आणि पैसे वगैरे काही न घेता दाराशी काठी धरून बसला. त्या बाईला तुम्ही बोलावून घेतलं होतं. ती आली, पण उभीच राहिली. म्हणाली, "वकीलसायेब, म्या बोलनार न्हाय आता. दीर गेला. लेकरू एक ऱ्हायलंय, त्येच्या गळ्यावर इळा ठिवून दाखवलाय त्येनी मला." तुम्ही तिला आग्रह केला नाहीत. म्हणालात, "नको बोलू. फक्त ऐकून जा."

मी रीळ लावलं. आधी नुसती खरखर. मग माझ्या बांगड्या. मग ती स्वतः, खळं, रास, बांधावरचा मालक. ती दगडासारखी ऐकत होती. मग दिराचा आवाज आला, दात वाजत असलेला. मधे ओलीनं तो तुटायचा, परत यायचा. "वैनी समोर व्हती, पर तिला म्या दिसलो न्हाय. दादाला हाक मारायची व्हती, मारली न्हाय." तेवढ्यावर ती खाली बसली आणि तिनं कपाळ जमिनीवर आपटायला सुरुवात केली. मी तिला धरलं, तिनं माझ्या मोडलेल्या हाडावरच डोकं ठेवलं, मला भोवळ आली पण मी सोडलं नाही. बऱ्याच वेळानं ती उठली, तोंड पुसलं आणि विचारलं, "पेशी कवा हाय?" तिचा मुलगा त्या दिवसापासून आपल्याकडं राहिला, निकाल लागेपर्यंत.

कोर्टात रीळ वाजवायची वेळ आलीच नाही. ती जशी यंत्रापुढं बोलली होती तशीच तिथं बोलली. मालकाच्या वकिलानं विचारलं, "हे सगळं तुम्हाला टेपवरून पाठ करून घेतलंय ना?" ती म्हणाली, "पाठ कशाला करू? माझ्या अंगावर उडालंय त्ये." घाव घालणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली. मालक सुटला. बांधावर तो होता हे सांगणारी ती एकटीच उरली होती, दिराच्या बोलण्यातला नेमका तो भाग ओलीनं गेला होता, आणि तेवढं पुरलं नाही. जमीन तिच्याकडंच राहिली. ती कसते आहे असा निरोप यायचा, निरोपाबरोबर हुरडा यायचा, तो तुम्ही खाल्ला नाहीत कधी.

त्या आमटीबद्दल आपण एकदाच बोललो. आळीतल्या बायका येऊन माझं कौतुक करायच्या, मलाही ते आवडायला लागलं होतं. एकदा मी कुणाला तरी रंगवून सांगत होते आणि तुम्ही आतून आलात. त्या बाई गेल्यावर म्हणालात, "तू केलंस त्यानं मी वाचलो, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या माणसाला आता डोळ्यांनी दिसत नाही. हे माझ्यासमोर हसत सांगू नको." मी विचारलं, तुम्हीच तर म्हणालात तिकडं बघ. तुम्ही म्हणालात, "मी तुला गप करत होतो. एवढंच." मला रडू आलं. नंतर तुम्ही नवं यंत्र घेतलंत, पहिलं रीळ माझ्यासाठी लावलंत आणि माझी साक्ष घेतलीत. आमटीपाशी मी गडबडून पुढं जायला लागले तर तुम्ही हात वर केलात. "ते पण सांग. जसं झालं तसं." मी सांगितलं. नक्कलही झाली. फक्त ती नळदुर्गला गेली नाही, लोहाराच्या घरी गेली.

तुमच्या छातीत त्या गुडघ्यानं काहीतरी कायमचं मोडलं होतं. दम लागायचा. लिहिणं गेलं, तुमचे अर्ज मी लिहायची. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही खोकता खोकता रक्त टाकलंत आणि दोन दिवसांत गेलात. रिळं ऐकायची राहिली आहेत, असं काहीतरी शेवटी बोललात. ती मी ऐकली. तुमच्यानंतरही कितीतरी वर्षं ऐकत राहिले, आणत-नेत राहिले. माणसं येतच होती.

आता एकच सांगायचं राहिलं. तेरावा झाल्यावर मालक आला होता. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी, बरोबर दोन माणसं. तुमचा मुलगा बाहेरच्या खोलीत बसला होता, तो उभा राहिला. मालक तुमच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "वकीलसाहेब गेले, कोर्टाची शान गेली. आमचं भांडण कोर्टातलं. माणूस म्हणून आम्हाला लई आदर." मग आत बघून त्यानं हाक मारली, "सूनबाई, जरा पाणी द्या. ऊन लई हाय." सूनबाई म्हणाला, मामंजी. तुमच्या मुलानं मला डोळ्यांनी खुणावलं, दे म्हणून.

माठापाशी मी एकटी होते. तांब्या भरला आणि त्यात थुंकले. मोडलेल्या दातांच्या फटीतून, पोटभर. मग पदर नीट घेऊन बाहेर नेऊन दिला. मालकानं मान वर करून सगळा तांब्या घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "गोड हाय तुमचं पाणी."

हे कुठल्याही रिळावर नाही. तुमच्या मुलाला मी कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं. आणखी एक तांब्या हवा का, म्हणून मी त्याला विचारलं होतं.